हळू सांगायचं वजन

बदलापूर स्टेशनाबाहेर जांभळाच्या पाट्या दिसायला लागल्या की मला माझ्या आवाजाची आठवण येते. तसा तो कुठे गेलेला नाही. तो सदैव माझ्याजवळ असतो आणि शेजाऱ्यांच्याही जवळ असतो. आई म्हणते, हिच्या घुटीत वेखंड जरा जास्तच उगाळलं गेलं. माझा फोन आला की बाबा तो कानापासून हातभर लांब धरतात. मैत्रिणी मला गुपितं सांगत नाहीत, कारण मी कुणाच्या कानात काही सांगितलं की ते पुढच्या गल्लीत आधी पोचतं. पण एक उन्हाळा असा होता की या आवाजाची एका बाईला गरज होती. ती त्याच्यासाठी थांबली होती. तो उन्हाळा जांभळांचा होता.

जांभळं विकणाऱ्या बायका अजूनही तशाच बसतात, पाय दुमडून, पुढ्यात सागाच्या पानांवर वाटे लावून. काटा नसतो. एक वाटा मोठा दिसला तर त्यातली चार शेजारच्या वाट्यात सरकवायची, झालं मोजमाप. परवा कामावरून येताना मी एक वाटा घेतला, तिथेच उभ्या उभ्या एक जांभूळ तोंडात टाकलं आणि जिभेला तुरटपणा आल्याबरोबर मला फिनेलचा, बेबी पावडरचा आणि बाळानं खांद्यावर काढलेल्या आंबूस दुधाचा वास आला. जांभळाला असा वास नसतो. तो वास अंबरनाथच्या एका दवाखान्याचा होता. तो दवाखाना आता नाही. माझ्या मनात मात्र तो दर जून महिन्यात उघडतो.

मी आहारशास्त्र शिकत होते आणि कॉलेजनं सांगितलं होतं की सुट्टीत इंटर्नशिप केलीच पाहिजे. बाबांनी या शब्दाचा अर्थ विचारला. मी समजावून सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे फुकट काम ना? मग घरात काय कमी आहे?" माझ्या मैत्रिणींना मुंबईची मोठमोठी हॉस्पिटलं मिळाली, गळ्यात अडकवायला कार्डं मिळाली, आणि त्या रोज एसीत बसून स्वतःचे फोटो पाठवायच्या. मला मिळाला मुलांचा दवाखाना. पहिल्या मजल्यावर, खाली चपलांचं दुकान, बाहेर बाकं, आत डॉक्टर मॅडम. कामं दोन. आलेल्या मुलाचं वजन घ्यायचं आणि त्याच्या आईला खाण्यापिण्याचं समजावून सांगायचं. आयांना खाण्यापिण्याचं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, त्यामुळे खरं काम एकच उरलं. मुलं मला वजनवाली ताई म्हणायला लागली.

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. उल्हासनगरच्या कॅम्पातून एक सिंधी आजी नातवाला घेऊन आली होती. पोरगं असं गुबगुबीत की मनगटाला दोरा बांधल्यासारख्या वळ्या. मी त्याला काट्यावर ठेवलं. काट्यावरचा आकडा नाचला, थांबला, आणि मी आनंदानं ओरडले, "नऊ किलो दोनशे! वा!"

बाहेरच्या बाकांवरच्या सगळ्या माना वळल्या. आजीनं नातवाला माझ्या हातातून जवळजवळ ओढलंच.

"अरे पुट, माइक लगा के बोल ना! पूरे कैंप को सुना दे!"

मग तिनं थू थू थू केलं, स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन पोराच्या तळपायाला ठिपका लावला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी त्या पोराचे दोन किलो काढूनच घेतले असावेत. बाकावरच्या मराठी बायकाही तिच्याच बाजूच्या. एरवी पंख्याखालच्या जागेवरून त्यांची आजीशी धुसफूस चालायची, पण या मुद्द्यावर सगळ्या एक झाल्या. काउंटरवर शोभाताई बसायच्या. नंबर लावणं, नावं पुकारणं, रडक्या मुलांना दम देणं हे सगळं त्यांच्याकडे होतं. त्या म्हणाल्या, "काय गं, कोळणीच्या पाटीवर बसलीस काय? वजन असं बोंबलून सांगतात होय?"

डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावलं. मला वाटलं, संपली इंटर्नशिप. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "आकडा आईचा असतो. आईच्या कानात सांगायचा. दृष्ट लागते की नाही मला माहीत नाही, ते काही मला कॉलेजात शिकवलं नाही. पण बाहेर एखादी बसलेली असते, जिचं मूल वाढत नाहीये. तिला तो आकडा लागतो. कळलं?"

मला कळलं. पण माझ्या गळ्याला कळायला आठवडा लागला.

कुजबुजणं मी तिथे शिकले. लोक माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात, मला त्या उन्हाळ्यातले कान आठवतात. पदर मागे सारून, केस बाजूला करून पुढे झालेले कान. खोबरेल तेलाचा वास असलेले, कोमेजलेल्या मोगऱ्याचा वास असलेले, फोडणीचा वास असलेले. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमधून येणाऱ्या एका ऑफिसरीणबाईंच्या कानात मोबाइलची गुंडी असायची, ती काढून त्या आकडा ऐकायच्या आणि पुन्हा घालायच्या. एकीला कमी ऐकू यायचं. तिला आकडा बोटांवर दाखवावा लागायचा, तोही पदराआड. कानात आकडा पडला की चेहरा उजळायचा, आणि मग तो उजळलेला चेहरा नीट विझवून ती बाई बाहेर जायची. बाहेर कुणी विचारलंच, "किती भरलं?" तर उत्तर ठरलेलं, "जरा बारीकच आहे हो." मांडीवर मावत नाही असं पोर, आणि म्हणे बारीक. त्या बाकांवर सगळ्यांचीच मुलं बारीक होती. इतकं एकमुखी खोटं मी नंतर कुठे ऐकलं नाही, आणि इतकं प्रेमळही नाही.

वैशालीही बाकावरच्या बायकांना तेच म्हणायची. फरक एवढाच की ती खरं बोलत होती.

ती चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगांमागच्या गावठाणातून यायची. माहेर नगरकडचं, सासर इथलंच, शेतीवाल्यांचं. तिचा मुलगा सातव्या महिन्यात झाला होता आणि बरेच दिवस काचेच्या पेटीत होता. मी पहिल्यांदा त्याला हातात घेतलं तेव्हा तो अडीच किलोचासुद्धा नव्हता. कागदोपत्री नाव विराज, पण त्याची आजी त्याला बाल्या म्हणायची. मला त्याला धरायची भीती वाटायची. दुपट्यात बाळ आहे की नुसतंच दुपटं आहे, असं चाचपून बघावं लागायचं. तिला दर आठवड्याला वजनाला यायला सांगितलं होतं. ती मला ताई म्हणायची, मी तिला ताई म्हणायचे. आमच्यात मोठं कोण ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

तिच्यासोबत सासू यायची, तिला ती आत्याबाई म्हणायची, पण आत एकीलाच सोडायचे म्हणून सासू बाकावर बसायची. आणि वैशाली बाहेर आली रे आली की तिथूनच विचारायची, "कती भरला गो?"

सगळी बाकं ऐकायची.

"डॉक्टरीण बरं म्हनाल्या," वैशाली सांगायची.

"बरं म्हंजे कती? दर वक्ताला बरंच म्हनतान. दिसभर पाजतंस म्हनतंस, मंग दूद जातं कुठं?"

ती बाई दुष्ट नव्हती. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तिचा आवाज चढायचा. माझंही तसंच होतं, म्हणून मला ते ओळखता आलं. पण वैशालीला त्याचा काय उपयोग? तिचे कान लाल व्हायचे. ती बाळाच्या टोपडीची नाडी पुन्हा पुन्हा बांधत राहायची. शेजारच्या बायका आपापल्या गुबगुबीत मुलांवर पदर ओढून घ्यायच्या. कुणी काही बोलायचं नाही, आणि ते न बोलणंच तिला जास्त लागायचं.

एकदा मी तिच्या कानात आकडा सांगितला. आठवड्यात जेमतेम शंभर ग्रॅमची भर होती. ती हलली नाही. तशीच वाकलेली राहिली आणि मग उलट माझ्याच कानाशी आली.

"ताई, तुमचा आवाज लई मोठा आहे ना?"

मी म्हटलं, "कोण म्हणालं?"

"शोभाताई म्हनाल्या. पहिल्या दिवशी खाली चपलांच्या दुकानात ऐकू गेलं म्हने."

मी शोभाताईंच्या नावानं मनात बोटं मोडली.

"मग माझं एक काम करा," ती म्हणाली. "ह्याचं चार किलो झालं ना, की मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे. आत्याबाईंना ऐकू जाऊ दे. पार खाली दुकानात गेलं तरी चालंल."

"आणि दृष्ट?"

ती हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "दृष्ट लागण्याइतकं होऊ तर दे आधी."

मॅडमना विचारल्याशिवाय मी हो म्हणायला नको होतं, पण मी म्हटलं. मग विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आकडा आईचा असतो म्हणाले ना मी. तिचा आहे, तिला जसा हवा तसा सांग." तेव्हापासून मी त्या चार किलोंची वाट बघायला लागले. परीक्षेच्या निकालाची मी एवढी वाट कधी बघितली नव्हती.

मे संपता संपता जांभळं आली आणि दवाखान्याचा रंग बदलला. एकेक पोर असं यायचं की शर्टावर जांभळ्या नद्या. मॅडम म्हणायच्या, "आ कर," आणि आत सगळी दौत सांडलेली. घसा लाल आहे की नाही हे कसं कळणार? त्या टॉर्च बंद करून आईकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "चूळ भरून आणा, मग बघते काय ते." बेसिन दिवसभर जांभळं असायचं. एक मुलगा पोट धरून रडत आला, कारण त्यानं बी गिळली होती आणि मोठ्या भावानं सांगितलं होतं की आता पोटात झाड येणार, फांद्या कानातून बाहेर येणार. मॅडमनी स्टेथोस्कोप त्याच्या पोटाला लावला, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "कोंब नाही फुटलेला. उद्या सकाळी बी बाहेर पडेल." पोरगं इतकं खूश झालं की जाताना त्यानं आणखी जांभळं खाण्याची परवानगी मागितली.

दुपारी लाइट जायची. पंखा हळूहळू थांबायचा आणि तो थांबण्याआधीच पहिलं बाळ रडायला लागायचं. मग दुसरं, मग सगळी. शोभाताई फायलीनं वारा घालत नावं पुकारायच्या. "आरव!" म्हटलं की तीन बायका उभ्या राहायच्या. "अहो, कुठला आरव? शहाडचा आरव!" तरी दोन उभ्याच. काट्याला बॅटरी होती, म्हणून माझं काम थांबायचं नाही. जी मुलं काट्यावर बसतच नसत त्यांच्यासाठी आमची एक रीत होती. आधी आईनं मुलाला घेऊन मोठ्या काट्यावर उभं राहायचं, मग मूल माझ्याकडे द्यायचं आणि एकटीनं उभं राहायचं. वजाबाकी मी करायची. आया स्वतःच्या आकड्याकडे बघायच्या नाहीत, छताकडे बघायच्या. आणि त्या मधल्या क्षणभरात ते घामेजलेलं, रडून गरम झालेलं मूल माझ्याकडे असायचं. काही नखं रुतवायची. काही मात्र रडता रडता दमून माझ्या खांद्यावर डोकं टाकायची, मी कोण आहे हे न विचारता. मी वजाबाकी मुद्दाम सावकाश करायचे. माझं गणित चांगलं आहे, पण हे मी तिथे कुणाला कळू दिलं नाही.

विराज वाढत होता. सावकाश, पण वाढत होता. साडेतीन किलो झाले तेव्हा मी कानात सांगतानाही माझा आवाज जरा निसटला, आणि शोभाताईंनी काउंटरवरून "शूऽऽ" केलं. वैशालीनं माझा हात दाबला. त्याच दिवशी सासूबाईंनी पानाच्या द्रोणात जांभळं आणली, घरच्या झाडाची. मला देताना म्हणाल्या, "खा. मी बोलतंय ता मनात धरू नको. पोराला बघाला लोकं येतान आनि गप बसतान. मना ता सोसत नाय."

मी तिथेच बसून जांभळं खाल्ली. अजून जरा कच्चट होती. मी म्हटलं, "आजी, दोन दिवस पेंढ्यात ठेवली असती तर पिकली असती."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. शहरातली पोर, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. "जांभूल काय आंबा हाय का आढीत घालाला? ता झाडावरच पिकतं. थांबाला लागतं." हे बोलल्यावर त्या मध्येच थबकल्या. सुनेच्या मांडीवरच्या दुपट्याकडे बघितलं आणि त्याची सुटलेली कड नीट खोचली. त्या दिवशी बाकावरून "कती भरला" आलं नाही.

पुढल्या आठवड्यात त्याला जुलाब झाले. दोनशे ग्रॅम गेले. एवढ्याशा जिवाला दोनशे ग्रॅम म्हणजे किती, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्याच्या मांड्यांची कातडी सैल झालेली बघितल्यावर पुस्तकातलं काहीच आठवलं नाही. मी आकडा सांगायला वाकले आणि आवाजच फुटेना. माझा आवाज! वैशालीनंच काट्याकडे बघून घेतलं. ती रडली नाही. मॅडमनी समजावलं, अंगावरचं दूध चालू ठेव, वाटी-चमच्यानं औषध दे, तो भरून काढेल. बाहेर आल्यावर ती नेहमीच्या जागी न बसता जिन्यापाशी उभी राहिली. सासूबाई उठून तिच्याजवळ गेल्या, काही न विचारता बाळ घेतलं आणि दोघी खाली उतरल्या. मी खिडकीतून बघत होते. रस्त्यावर ऊन इतकं होतं की दोघींनी मिळून एक पदर बाळावर धरला होता.

त्यानं भरून काढलं. जून निम्मा झाला, आभाळ भरून यायला लागलं, पाट्यांमधली जांभळं मोठी, पाणीदार आणि बेचव व्हायला लागली. माझे दिवस संपत आले. शेवटच्या आठवड्यात वैशाली आली ती आतच पटकन शिरली. तिला अंदाज आला होता. आयांना येतो, हातांनाच कळतं. मी दुपटं काट्यावर घालून शून्य केलं, विराजचे कपडे काढले, कमरेचा काळा दोरा राहू दिला आणि पायांतले चांदीचे वाळे काढायला हात घातला. त्याच्या आत्यानं बारशाला दिलेले, चांगले जाड वाळे होते.

वैशालीनं माझा हात धरला. "राहू द्या ना ते."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"वाळ्यांसकट करा, ताई. आजच्या दिवस."

मी वाळ्यांसकट ठेवलं. आकडा नाचला. चार किलोच्या वर जाऊन थांबला. वर, पण अगदी थोडा. मी श्वास आत घेतला होता, खरंच घेतला होता. बाहेर सासूबाई होत्या, ती सिंधी आजीही त्या दिवशी होती, शोभाताई होत्या. एक हाक मारायची होती फक्त.

पण वैशालीनं मान हलवली. तिनंच खाली वाकून त्याचे वाळे काढले, एकेक करून, आणि पदराच्या टोकाला बांधले. आकडा घसरला. तीन नऊशेच्या घरात कुठेतरी थांबला. विराज मात्र पाय मोकळे झाले म्हणून सायकल चालवायला लागला होता.

"चांदीचं कशाला सांगायचं?" ती म्हणाली. "त्याचं सांगू. पुढल्या आठवड्यात होतंय बघा. तुम्ही हाय ना?"

मी म्हटलं, "कॉलेज सुरू होतंय. शोभाताई सांगतील ना."

"त्यांचा आवाज न्हाई वो तुमच्यासारखा."

एवढंच बोलली. मग कान पुढे केला. खरा आकडा मी तिच्या कानात सांगितला, तिनं मान डोलावली आणि बाहेर जाऊन म्हणाली, "बारीकच आहे अजून." पण म्हणताना ती हसत होती.

पुढच्या आठवड्यात मी कॉलेजातून फोन केला. शोभाताई म्हणाल्या, "नाही आली गं." त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. मग कळलं, माहेरी गेली म्हणे, नगरला. नंतर मी फोन करणं थांबवलं. आळस म्हणून नव्हे. विचारलं नाही तर तो तीन नऊशेच्या पुढेच कुठेतरी राहणार होता, हसतखेळत. विचारलं आणि कुणी काही वेगळंच सांगितलं तर? माझ्या ओळखीच्या लोकांत मला सगळ्यात जास्त बडबडी समजतात, पण हा एक प्रश्न मी वर्षानुवर्षं कुणाला विचारला नाही.

मॅडम पुढे मुलीकडे पुण्याला गेल्या. दवाखान्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. खालचं चपलांचं दुकान मात्र अजून आहे. मी अंबरनाथलाच एमआयडीसीत कामाला लागले, खाऊची पाकिटं बनवणाऱ्या कंपनीत. पाकिटावर छापलेलं वजन आणि आतलं वजन जुळतंय का ते बघते. मशीनच्या खडखडाटात "कमी भरलंऽऽ!" असं ओरडावं लागतं, आणि ते माझ्यासारखं कुणालाच जमत नाही. साहेब खूश आहेत. पण पाकिटांना दृष्ट लागत नाही, आणि ती पुढच्या आठवड्यात थोडी वाढूनही येत नाहीत. कधी कधी काट्यावर आकडा नाचायला लागतो आणि माझे हात नकळत दोन्ही बाजूंना जातात, काही खाली पडू नये म्हणून. मग लक्षात येतं. मला त्या हातांची फार दया येते.

तर परवा स्टेशनाबाहेर ते एक जांभूळ तोंडात टाकलं, बी थुंकली आणि वाटेवालीशी भांडायला लागले. "मावशी, वरची बरी नि खालची सगळी फुटकी! हा कुठला न्याय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "वजनवाल्या ताई?"

मी वळले. वैशाली थोडी भरली होती. एका हातात पिशव्या होत्या, दुसऱ्याची बोटं जांभळी झालेली. तिनं मला आवाजावरून ओळखलं होतं, चेहरा तर माझा वाटेवालीकडे होता. आणि तिच्या मागे, तिच्या ओढणीत अर्धा लपलेला, हनुवटीपर्यंत जांभळा झालेला एक मुलगा उभा होता. गुडघ्याला खरचटलेलं. एका हातात जांभळाचा द्रोण, तो माझ्यापासून लांब धरलेला, मी मागेन म्हणून.

"विराज?" मी म्हटलं. एवढं एकच.

"व्हय. पुढल्या वर्षी पहिलीत." ती त्याला पुढे ढकलत म्हणाली, "ताईंना जीभ दाखव." तो दाखवेना.

मी पिशवी खाली ठेवली, हात पुढे केले. "ये, उचलून बघू दे तरी."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मी काय बाळ आहे?" असं म्हणून तो आईच्या पलीकडे गेला. बरोबरच होतं त्याचं. मीच काय ते हात पुढे करून उभी होते.

मग मी विचारलं. इतकी वर्षं न विचारलेलं, आणि समोर तो धडधाकट उभा असताना वेड्यासारखं विचारलं, "चार झालं होतं का हो?"

ती हसायला लागली. "कधीच! माहेरी सरकारी दवाखान्यात झालं. पण तिथल्या बाईंनी नुसतं लिहून दिलं. मोठ्यानं कुणी सांगितलंच न्हाई." पिशव्या सावरत म्हणाली, "तवा तुमची लई आठवण आली."

मी म्हटलं, "मग आत्ता सांगते की! बोला, किती भरतो हा आता?" आणि मी छाती भरून श्वास घेतला, तोच, त्या दिवशीचा राहिलेला.

वैशालीनं चटकन इकडेतिकडे बघितलं. जांभळंवाल्या बायका, रिक्षाची रांग, कडेवर किरकिरं पोर घेतलेली एक बाई. आणि तिनं आपला जांभळा हात सरळ माझ्या तोंडावर ठेवला.

"हळू हो ताई! दृष्ट लागंल माझ्या लेकराला."

मग तिनं माझे केस बाजूला केले, वाकली, आणि माझ्या कानात आकडा सांगितला. खोबरेल तेलाचा वास आला. ओठ कानाला लागतील इतक्या जवळून, इतक्या हळू, की शेजारच्या वाटेवालीलाही कळलं नाही. सांगून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. मी कशी दिसत होते कोण जाणे. इतका श्वास भरून घेतलेला होता आणि तो कुठेच सोडायचा नव्हता.

त्यांची रिक्षा लागली. आत्याबाई घरी आहेत, याच्यामागे पळून दमतात, असं ती चढता चढता म्हणाली. रिक्षा निघाली तेव्हा विराजनं मागून डोकं बाहेर काढलं आणि मला जीभ दाखवली. सगळीच्या सगळी, जांभळी.

घरी आले तर आईनं विचारलं, आज एवढी गप्प का? मी म्हटलं, काही नाही, तो चिखलोलीचा मुलगा भेटला, दवाखान्यातला. आईला तो माहीत होता, त्या उन्हाळ्यात रोज रात्री जेवताना मी त्याच्याबद्दलच बोलायचे. तिनं हातातलं काम ठेवलं. "कसा आहे गं?"

आकडा अजून कानात गरम होता. आयुष्यात पहिल्यांदा मला एक गोष्ट गल्लीभर ओरडून सांगावीशी वाटत होती आणि मी ती सांगणार नव्हते. आईलाही नाही. तुम्हालाही नाही.

"आहे," मी म्हटलं. "जरा बारीकच आहे."